पोलीस ठाण्यातले गाणे, कोठडीतले गाणे : डिॲना डर्बिनच्या सहा चित्रपटांचा संच

डिॲना डर्बिन हे नाव आज आपल्याकडे फारसे कुणाला आठवत नाही. १९३६ ते १९४८ या बारा वर्षांत एकवीस पूर्ण लांबीचे चित्रपट करून, तिशी गाठण्याआधीच कॅमेऱ्याकडे पाठ फिरवून फ्रान्समधल्या एका गावात राहायला गेलेली आणि पुढच्या साठहून अधिक वर्षांत पुन्हा कधीही पडद्यावर न आलेली ही गायिका-अभिनेत्री १९४७ साली अमेरिकेतील सर्वाधिक पगार घेणारी स्त्री म्हणून गणली जात होती. तिच्या सहा चित्रपटांचा ‘डिॲना डर्बिन स्वीटहार्ट पॅक’ नावाचा डीव्हीडी-संच २००४ साली अमेरिकेत निघाला. तो मला बऱ्याच उशिरा मिळाला आणि गेल्या दोन महिन्यांत, एका आठवड्यात एकापेक्षा जास्त चित्रपट पाहायचा नाही असे ठरवून, मी तो क्रमाने पाहिला. संचाचे नाव एखाद्या चॉकलेटच्या डब्यावर शोभेल असे आहे आणि वेष्टनावरचे हसरे चेहरेही त्याच जातीचे आहेत. आत मात्र एका विलक्षण आवाजाच्या मुलीचे अकरा वर्षांत काय झाले याची चांगली साखळी सापडते, आणि म्हणूनच या संचाविषयी सविस्तर लिहावेसे वाटले.

संचात ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ (१९३६), ‘फर्स्ट लव्ह’ (१९३९), ‘इट स्टार्टेड विथ ईव्ह’ (१९४१), ‘कान्ट हेल्प सिंगिंग’ (१९४४), ‘लेडी ऑन अ ट्रेन’ (१९४५) आणि ‘समथिंग इन द विंड’ (१९४७) हे सहा चित्रपट आहेत. पाच कृष्णधवल, एक रंगीत, आणि सगळे त्या काळच्या चौकोनी चौकटीत. तबकड्या अमेरिकेच्या क्षेत्रासाठी, म्हणजे क्षेत्र क्रमांक एकसाठी, बनवलेल्या असल्यामुळे आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर त्या चालतीलच असे नाही. माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून संच आणून दिला तेव्हा घरातल्या प्लेअरने तो स्वीकारायला साफ नकार दिला आणि सर्व क्षेत्रे वाचणारा दुसरा प्लेअर मिळेपर्यंत तो तीन आठवडे कपाटावर पडून राहिला. घेणाऱ्याने ही गोष्ट आधीच ध्यानात ठेवावी.

तिचे नाव मी प्रथम ऐकले ते १९९२ साली, सत्यजित राय यांच्या तोंडून. कोलकात्यात रुग्णशय्येवरून त्यांनी ऑस्करच्या सोहळ्यासाठी जे छोटे भाषण ध्वनिचित्रित करून पाठवले, त्यात त्यांनी सांगितले की शाळकरी वयात सिनेमाचे वेड लागले तेव्हा आपण डिॲना डर्बिनला पत्र लिहिले होते आणि तिचे उत्तर आल्याने हरखून गेलो होतो. हॉलिवूडची नटी जिंजर रॉजर्सला लिहिले, तिचे उत्तर आले नाही. दिग्दर्शक बिली वाइल्डरला लिहिलेल्या बारा पानी पत्रालाही उत्तर न आल्याची गोष्ट त्यांनी याच भाषणात हसत हसत सांगितली. त्या वेळी मला वाइल्डर ठाऊक होता, रॉजर्स ठाऊक होती. उत्तर पाठवणारी तेवढी ठाऊक नव्हती.

तिचे मूळ नाव एडना मे डर्बिन. जन्म ४ डिसेंबर १९२१ रोजी कॅनडातील विनिपेग येथे झाला. आईवडील इंग्लंडमधल्या लँकाशायरचे. ती लहान असतानाच कुटुंब दक्षिण कॅलिफोर्नियात गेले. गाण्याच्या शिकवणीचा खर्च थोरली बहीण एडिथने उचलला. जगप्रसिद्ध ऑपेरा-गायिका अर्नेस्टीन शूमान-हाइंक यांच्या जीवनावर एमजीएम ही हॉलिवूडची चित्रसंस्था चित्रपट काढू पाहत होती आणि त्यांच्या बालपणाच्या भूमिकेसाठी मुलगी हवी होती, म्हणून या मुलीला करारबद्ध करण्यात आले. तो चित्रपट निघालाच नाही. एमजीएमने तिला जूडी गार्लंडबरोबर ‘एव्हरी संडे’ या १९३६ च्या छोट्या पटात उभे केले, ज्यात एकीने शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य गायन करायचे आणि दुसरीने चालू ढंगाचे गाणे म्हणायचे, अशी ती जवळजवळ जुगलबंदीच होती. त्यानंतर गार्लंड एमजीएममध्ये राहिली आणि डर्बिन युनिव्हर्सल स्टुडिओकडे गेली. या दोघींपैकी कुणाला ठेवायचे आणि कुणाला सोडायचे याविषयी एमजीएमचा प्रमुख मेयर काय बोलला याच्या ज्या चुरचुरीत कथा सांगितल्या जातात, त्या मी सोडून देतो, कारण त्यांतली एक कथा दुसरीशी जुळत नाही.

त्या वर्षी युनिव्हर्सलची अवस्था बिकट होती. संस्थापक कार्ल लेमली यांच्या हातून स्टुडिओ नुकताच गेला होता आणि नवे मालक पैशांच्या मागे होते. बर्लिनहून आलेला दिग्दर्शक हेन्री कॉस्टर, ज्याला तेव्हा इंग्रजी धड बोलताही येत नव्हते, आणि मूळचा हंगेरीचा निर्माता जो पास्टरनॅक या दोघांनी हाती आलेल्या मुलीची भूमिका वाढवत नेली आणि ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ तिच्याभोवती उभा केला. चित्रपटाला सर्वोत्तम चित्रपटाचे ऑस्कर नामांकन मिळाले. एका चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीने स्टुडिओ वाचवला हे वाक्य तेव्हापासून सगळीकडे छापले जाते. एवढ्या मोठ्या कारखान्याचे तरणे-बुडणे एका व्यक्तीवर टाकणे मला थोडे भाबडे वाटते, पण पुढच्या काही वर्षांत त्या कारखान्याचे सर्वांत खात्रीचे उत्पन्न तिचेच चित्रपट होते, हे खरे.

कथा साधी आहे. स्वित्झर्लंडमध्ये आईजवळ वाढलेल्या तीन बहिणींना कळते की न्यू यॉर्कमध्ये राहणारा त्यांचा बाप एका पैसेलोभी तरुणीशी लग्न करणार आहे, आणि ते लग्न मोडायला त्या अटलांटिक ओलांडतात. धाकटी पेनी म्हणजे डर्बिन. चित्रपट सुरू होतो तो सरोवरातल्या शिडाच्या होडीत तिच्या गाण्याने, आणि ते गाणे ऐकताना वाटते की ठीक आहे, गोड आवाज आहे, आता अधूनमधून अशी गाणी येत राहतील. मग तो प्रसंग येतो. घरातून पळालेली पेनी पोलिसांच्या हाती लागते. खरे नाव सांगायचे नाही म्हणून ती आपण ऑपेरा-गायिका असल्याची थाप मारते, आणि ठाण्यातल्या माणसांच्या चेहऱ्यांवरचा अविश्वास पाहून थाप खरी करण्यासाठी आर्दितीचे ‘इल बाचो’ हे इटालियन गाणे गाऊ लागते. पोलीस, पकडून आणलेली माणसे, टेबलामागचा अधिकारी, सगळे हळूहळू गप्प होत जातात. येथे गाणे कथेत भर म्हणून आलेले नाही. तो पुरावा आहे. मुलगी अडचणीत आहे, तिच्याजवळ पैसा नाही, ओळख नाही, वयही नाही. आहे तो गळा, आणि तो ती एखाद्या ओळखपत्रासारखा पुढे करते.

सहाही चित्रपट पाहून झाल्यावर माझे मत असे बनले की डर्बिनची खरी जागा या एका प्रसंगात ठरून गेली. तिचे गाणे तेव्हाच बहरते जेव्हा गाण्याने काहीतरी घडवायचे असते. दार उघडायचे असते, बापाला वळवायचे असते, कुणाला तरी थांबवायचे असते. जेथे तिला नुसते सुंदर दिसून सुंदर गायला सांगितले आहे, तेथे आवाज तसाच निर्दोष राहतो आणि बाई मात्र पुतळ्यासारखी होते. या एका कसोटीवर संचातले चित्रपट आपोआप वर-खाली लागतात.

आवाजाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. ती सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या सर्वांत उंच पट्टीत गाणारी, होती आणि मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले स्पॅनिश गायक आंद्रेस द सेगुरोला तिचे शिक्षक होते. वरच्या स्वरांवर जाताना अनेक शिकलेल्या गायिकांचा चेहरा आवळतो, शब्द पुसट होतात आणि ऐकणाऱ्यालाही उगाच धाप लागते. डर्बिनचे तसे होत नाही. ती बोलता बोलता गाऊ लागते आणि गाता गाता पुन्हा बोलू लागते. मध्ये सांधा दिसत नाही. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे गाणे आधी मुद्रित करून चित्रीकरणाच्या वेळी वाजवले जाई आणि नट ओठ हलवीत, पण आवाज तिचा स्वतःचाच असल्यामुळे कॉस्टर कॅमेरा बिनधास्त जवळ नेतो, आणि आपल्याला श्वास कोठे घेतला जातो तेही दिसते. आपल्या प्रभातच्या ‘कुंकू’मध्ये, म्हणजे १९३७ साली, शांता आपटे स्वतःच्या आवाजात इंग्रजी कविता गाते तो प्रसंग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना अडवलेल्या मुलीच्या हातात गाणे कसे हत्यार बनते हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही. दोघींचे गाणे, घडण आणि जग पूर्ण वेगळे. काळ तेवढा एक.

‘फर्स्ट लव्ह’ ही सिंड्रेलाची गोष्ट आहे, आणि ते लपवण्याचा प्रयत्नही केलेला नाही. अनाथ कॉनी श्रीमंत काकाच्या घरी येते, तेथली सडलेली मंडळी तिला नोकरासारखी वागवतात, नोकर मात्र तिच्या बाजूने उभे राहतात, नृत्याच्या रात्री मोटारसायकलवरचे पोलीस तिला सोडायला येतात, आणि घाईत एक पादत्राण मागे राहते. या चित्रपटात रॉबर्ट स्टॅकने तिचे पडद्यावरचे पहिले चुंबन घेतले आणि त्याची वर्तमानपत्रांत बातमी झाली. आज तो क्षण इतका झटकन जातो की सावध नसलो तर हुकतो. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो शेवट. कॉनी शाळेत परत येते आणि पुच्चिनीच्या ‘मादाम बटरफ्लाय’मधले ‘उन बेल दी’ इंग्रजीतून गाते. मूळ ऑपेरात हे वाट पाहणाऱ्या स्त्रीचे गाणे आहे आणि ज्याची ती वाट पाहते तो आला तरी तिच्यासाठी येत नाही. येथे गाणे चालू असतानाच तरुण दारात उभा राहतो. पुच्चिनीच्या भक्तांनी कपाळाला हात लावावा असा हा उलटफेर आहे, तरीही अठरा वर्षे पुरी व्हायची असलेल्या त्या मुलीच्या गाण्यात इतका भाबडा ठामपणा आहे की तो आला नसता तरच आश्चर्य वाटले असते.

याच चित्रपटातले तिचे छायाचित्र ॲमस्टरडॅममध्ये ॲन फ्रँकने लपण्याच्या जागेतील आपल्या खोलीच्या भिंतीवर डकवले होते. त्या भिंतीवरची चित्रे आजही जपून ठेवलेली आहेत. संचाच्या वेष्टनावर याचा उल्लेख नाही, आणि नसावाच. चॉकलेटच्या डब्यावर ते बरे दिसले नसते.

‘इट स्टार्टेड विथ ईव्ह’ हा सहांतला निर्विवाद सर्वोत्तम. मरणाच्या दारात टेकलेल्या कोट्यधीश म्हाताऱ्याला मुलाची वाग्दत्त वधू डोळ्यांनी पाहायची आहे. मुलाला ती हॉटेलात सापडत नाही, म्हणून तो टोप्या सांभाळणाऱ्या एका मुलीला थोडे पैसे देऊन तासाभरासाठी वधू म्हणून घरी आणतो. तिला पाहून म्हातारा दुसऱ्या दिवशी सकाळी ठणठणीत बरा होतो, आणि घोळाला सुरुवात होते. म्हातारा म्हणजे चार्ल्स लॉटन. एवढ्या मोठ्या नटासमोर गाणारी मुलगी झाकोळून जाईल असे वाटते, पण घडते ते उलट. लॉटन बिछान्यावर पडल्या पडल्या चोरून सिगार ओढतो, डॉक्टरला चकवतो, नजरेच्या एका कोपऱ्यातून सगळे समजून घेतो, आणि डर्बिन त्याला त्याच तालात उत्तर देते. रॉबर्ट कमिंग्जबरोबरची तिची पळापळ, खेचाखेच आणि भांडणे पाहताना ध्यानात येते की ही मुलगी न गाताही विनोदी नटी म्हणून सहज टिकली असती. गाणी मोजकीच आहेत. ‘क्लाव्हेलितोस’ हे स्पॅनिश गाणे ती इतक्या वेगाने आणि इतक्या खट्याळपणे म्हणते की मी ते लागोपाठ तीनदा पाहिले, आणि घरातल्यांनी चौथ्यांदा लावू दिले नाही. ड्वोर्झाकच्या स्वरांवर रचलेले ‘गोइंग होम’ त्याच्या अगदी उलट टोकाला आहे, संथ, जवळजवळ निश्चल.

कॉस्टर आणि पास्टरनॅक यांच्याबरोबरचे पर्व येथे संपले. पास्टरनॅक एमजीएमला गेला. पुढचे तीन चित्रपट पाहताना त्याची उणीव जाणवत राहते.

येथे संचातील सर्वांत मोठी त्रुटी सांगायला हवी. ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’ (१९३७) यात नाही. एका बेकार वादकाची मुलगी शंभर बेकार वादकांचा वाद्यवृंद उभा करते आणि त्याचे संचालन करायला थेट विख्यात वाद्यवृंद-संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्कीलाच गाठते, ही ती कथा; स्टोकोव्स्की स्वतः स्टोकोव्स्की म्हणूनच काम करतो. मुलगी त्याच्या सरावात लपून शिरते आणि वाद्यवृंद वाजू लागताच मोझार्टच्या रचनेतला ‘आलेलुया’ हा भाग सभागृहाच्या मागच्या बाजूने गाऊ लागते. पुढे ती त्या शंभर जणांना थेट त्याच्या घरात घुसवते आणि जिन्यावर, कठड्यांजवळ, मजल्यामजल्यावर उभे राहून ते लिस्टची हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवू लागतात. हात न हलवण्याचा निश्चय केलेल्या संचालकाची बोटे आपोआप हलू लागतात तो क्षण, मंदीच्या काळातल्या अमेरिकेने बेकारीविषयी काढलेल्या चित्रांतला सर्वांत आनंदी क्षण असावा. संगीताचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले आणि सर्वोत्तम चित्रपटाचे नामांकनही. गाण्याने काम मिळवून देणारी मुलगी याहून स्पष्ट कोठेच दिसत नाही, आणि डर्बिनची ओळख करून देणाऱ्या संचात हाच नसावा हे मला समजलेले नाही. २०२० साली निघालेल्या तिच्या ब्लू-रे संचात तो आहे; ज्यांना एकच काही घ्यायचे आहे त्यांनी त्याचाही विचार करावा.

दुसरी त्रुटीही लहान नाही, पण ती समजण्यासाठी मधली वर्षे पाहायला हवीत. १९३८ सालासाठी मिकी रूनीबरोबर तिला बालकलाकारांचे विशेष ऑस्कर मिळाले. तिच्या नावाच्या बाहुल्या निघाल्या, कपडे निघाले, तिला नायिका करून मुलींसाठी कादंबऱ्या छापल्या गेल्या. १९४१ मध्ये तिचे पहिले लग्न झाले, आणि त्याच वर्षी स्टुडिओने दिलेला एक चित्रपट तिने नाकारला म्हणून तिला निलंबित करण्यात आले; काही महिन्यांनी तडजोड झाली. ‘द अमेझिंग मिसेस हॉलिडे’ (१९४३) या चित्रपटाची सुरुवात प्रत्यक्ष थोर फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रेन्वारने केली आणि तो दुसऱ्याने पुरा केला. मग १९४४ मध्ये रॉबर्ट सिऑडमॅकच्या ‘ख्रिसमस हॉलिडे’त ती न्यू ऑर्लिन्सच्या एका बदनाम क्लबातली थकलेली गायिका झाली, आणि नाचऱ्या जीन केलीने तिच्या खुनी नवऱ्याचे काम केले. तिकिटे विकली गेली, पण प्रेक्षक गोंधळले. तो चित्रपट संचात असता तर बाहुलीच्या आतली स्त्री बाहेर येऊ पाहत होती हे दिसले असते. तो नाही, आणि त्याऐवजी त्याच वर्षाचा ‘कान्ट हेल्प सिंगिंग’ आहे, म्हणजे स्टुडिओने घाबरून परत ओढून घेतलेली डर्बिन.

‘कान्ट हेल्प सिंगिंग’विषयी फार लिहिण्यासारखे नाही. हा तिचा एकमेव रंगीत चित्रपट. कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या मागे लागलेल्या लोकांबरोबर एका सिनेटरची मुलगी पश्चिमेकडे निघते. टेक्निकलरमधले यूटाचे डोंगर, त्यांच्यापुढे निळे-गुलाबी पोशाख आणि संगीतकार जेरोम कर्नच्या चाली. कर्न १९४५ च्या नोव्हेंबरात वारला, त्यामुळे त्याच्या अखेरच्या कामांपैकी हे एक. ‘मोअर अँड मोअर’ या गाण्याला ऑस्कर नामांकन होते आणि शीर्षकगीत स्नानगृहांच्या भिंतीपलीकडून द्वंद्वगीत होते ती कल्पना गमतीची आहे. पण नायिकेला गाण्याने काहीच मिळवायचे नाही. चित्रपटाचे नावच सांगते की तिला गाणे आवरत नाही एवढेच. रंगांसाठी पाहावा. सहांपैकी डोळ्यांना सर्वांत सुखद हाच आहे.

‘लेडी ऑन अ ट्रेन’ मला अनपेक्षितपणे आवडला. ‘सेंट’ या प्रसिद्ध नायकाचा जनक लेस्ली चार्टेरिस याच्या कथेवरचा हा रहस्यपट. न्यू यॉर्कमध्ये शिरणाऱ्या रेल्वेच्या खिडकीतून निकी कॉलिन्स एक खून पाहते, पोलीस तिला हसतात, मग ती स्वतःच शोधाला लागते आणि एका बदनाम कुटुंबात व त्याच्या नाइट-क्लबात दुसऱ्याच एका गायिकेच्या नावाने शिरते. अंधार, लांब सावल्या, वेडेवाकडे जिने, आणि मधूनच विनोद. येथे गाणे पुन्हा कामाला लागते. नाताळच्या रात्री ती हॉटेलच्या खोलीतून दूरच्या बापाला टेलिफोनवर ‘सायलेंट नाइट’ गाऊन दाखवते. पलंगावर पडून, रिसीव्हर तोंडाशी धरून, जवळजवळ कुजबुजत. तिच्या मागावर आलेला गुंड ते ऐकतो आणि त्याचे डोळे भरून येतात. दिग्दर्शकाने प्रसंग विनोदी होऊ दिलेला नाही आणि रडका होऊ दिलेला नाही. पोलीस ठाण्यातल्या चौदा वर्षांच्या मुलीला हीच कला येत होती. येथे ती मोठी झाली आहे, आवाज खालच्या पट्टीत उतरला आहे, आणि ऐकणारा माणूस एकटा आहे. थोड्या वेळाने क्लबात तीच बाई ‘नाइट अँड डे’ गाते तेव्हा पहिल्यांदा वाटते की स्टुडिओने तिला धीराने मोठे होऊ दिले असते तर काय काय करता आले असते.

या चित्रपटाचा दिग्दर्शक फ्रेंच होता, शार्ल दाविद. त्याच्याविषयी पुढे येईलच.

‘समथिंग इन द विंड’ हा संचातला शेवटचा आणि सर्वांत कमकुवत चित्रपट. डर्बिन रेडिओवर तबकड्या लावणारी निवेदिका आहे. एका श्रीमंत कुटुंबाला गैरसमजाने ती आपल्या मृत आजोबांची प्रेयसी वाटते. हा गैरसमज एका वाक्यात संपू शकतो हे प्रेक्षकाला पहिल्या पंधरा मिनिटांत कळते, पात्रांना कळायला दीड तास लागतो. नायक जॉन डॉल या बाबतीत काहीही मदत करत नाही. डोनाल्ड ओकॉनर मात्र एकटाच भिंतींवर, जमिनीवर, खुर्च्यांवर आदळत-आपटत जे काही करतो ते पाहण्यासारखे आहे, आणि पाच वर्षांनी ‘सिंगिंग इन द रेन’मध्ये तो कशामुळे गाजणार याची ती नांदी आहे.

आणि मग कोठडीचा प्रसंग येतो. अमेरिकन ऑपेराचा नावाजलेला टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुष गायक, यान पीअर्स येथे पोलिसाच्या गणवेशात आहे. डर्बिन गजांआड आहे. दोघे मिळून व्हेर्दीच्या ‘इल त्रोव्हातोरे’मधले ‘मिझेरेरे’ गातात. मूळ ऑपेरात मनोऱ्यात कैद असतो तो पुरुष आणि बाहेर अंधारात व्याकुळ उभी असते ती स्त्री. येथे बाई आत आणि टेनर बाहेर. थट्टा म्हणून हे रचले आहे हे उघड आहे. पण दोन्ही आवाज खरे आहेत, आणि व्हेर्दी कुणी थट्टेने गायला तरी व्हेर्दीच राहतो, त्यामुळे एकाएकी तीन-चार मिनिटे हा फुसका चित्रपट उंच जातो आणि मग पुन्हा खाली बसतो. अकरा वर्षांपूर्वी जिने पोलीस ठाण्यात गाऊन सगळ्यांना स्तब्ध केले होते, तीच आता पुन्हा पोलिसांच्याच हवाली आहे. फरक एवढाच की तेव्हा गाण्यावर कथा पुढे गेली होती. येथे गाणे संपल्यावर कथा जेथे होती तेथेच सापडते. संच जुळवणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असेल असे मला वाटत नाही, पण पहिली आणि शेवटची तबकडी लागोपाठ पाहिली तर तिने हे सगळे का सोडले, याचे उत्तर कुठल्याही मुलाखतीपेक्षा स्पष्ट मिळते.

यानंतर तिने १९४८ मध्ये आणखी दोन चित्रपट केले आणि थांबली. २१ डिसेंबर १९५० रोजी तिने शार्ल दाविदशी, म्हणजे ‘लेडी ऑन अ ट्रेन’च्या दिग्दर्शकाशी, तिसरे लग्न केले आणि दोघे पॅरिसजवळच्या नोफ्ल-ल-शातो या गावी स्थायिक झाले. कोळी, डास आणि वार्ताहर या तिघांपासून तुझे रक्षण करीन असे वचन त्याने दिले होते, असे सांगतात. तिसऱ्या बाबतीत तरी त्याने ते पाळले. परत येण्याविषयी विचारणा होत राहिल्या, पास्टरनॅकनेही प्रयत्न केले, तिने सगळ्यांना नकार दिला. पडद्यावरच्या त्या गोड मुलीशी आपले फारसे काही जुळत नव्हते, असे तिने पुढे कळवले. १९८३ साली चित्रपट-इतिहासकार डेव्हिड शिपमन यांना तिने एकच मुलाखत दिली. दाविद १९९९ मध्ये वारला, ती एप्रिल २०१३ मध्ये, एक्क्याण्णवाव्या वर्षी. गार्लंड १९६९ सालीच सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली होती. ‘एव्हरी संडे’मध्ये एका बागेच्या व्यासपीठावर शेजारी उभ्या राहिलेल्या या दोन मुलींची तुलना करून एकीला शहाणी आणि दुसरीला दुर्दैवी ठरवण्याचा मोह सर्वांनाच होतो. मला तो तितकासा पटत नाही, कारण गार्लंडकडे ज्या तऱ्हेची गाणी चालून आली तशी डर्बिनच्या वाट्याला मोठेपणी आलीच नाहीत.

संच घ्यावा का, तर घ्यावा. तीन चित्रपट उत्तम, एक डोळ्यांसाठी, एक थोडा जुना झालेला पण गोड, आणि एक ज्यातली तीन-चार मिनिटे जपून ठेवावीत. जुन्या पाश्चात्त्य गायनाची सवय नसलेल्याने ‘थ्री स्मार्ट गर्ल्स’पासून सुरुवात करू नये, ‘इट स्टार्टेड विथ ईव्ह’ लावावा, तोही घरातल्या वडीलधाऱ्यांबरोबर, कारण लॉटनने रंगवलेला म्हातारा त्यांना लगेच ओळखीचा वाटेल. ‘लेडी ऑन अ ट्रेन’ रात्री दिवे मालवून पाहावा. ‘समथिंग इन द विंड’ सुरू करून तासाभराने कंटाळा आला तर बंद करू नये. कोठडीपर्यंत थांबावे, आणि मग बंद केला तरी चालेल.